एका स्पॅनिश धातूचीं रूपें

परकी भाषा शिकावयास बसलेल्या माणसाचे पहिले चार दिवस मोठ्या उत्साहांत जातात. पाण्याला काय म्हणावें, भाकरीला काय म्हणावें, नमस्कार कसा करावा, हें सारें भराभर पाठ होतें, आणि भाषा हाताशीं आली असा भास होऊं लागतो. पांचव्या दिवशीं क्रियापदाशीं गांठ पडते, आणि पुष्कळांच्या बाबतींत पुस्तक तेथेंच मिटतें. स्पॅनिश भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना हा अनुभव विशेषच येतो. तिच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या शेवटीं एक कोष्टक छापलेलें असतें. त्यांत अगदीं सरळ, नियमित अशा एकाच क्रियापदाचीं पन्नासाहून अधिक साधीं रूपें ओळीनें उभीं असतात, आणि साहाय्यक क्रियापदाच्या मदतीनें होणारीं संयुक्त रूपें निराळींच. इंग्रजींत 'गाणें' या अर्थाच्या क्रियापदाचीं मोजून पांच रूपें. त्या मानानें हा डोंगरच म्हणावयाचा.

तथापि हा डोंगर कोणाला दिसतो, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. इंग्रजी माणसाला तो दिसावा हें स्वाभाविक आहे. कारण त्याच्या भाषेनें क्रियापदाचे प्रत्यय शतकानुशतकें झिजवून टाकले आहेत. पण ज्या घरांत गातों, गातोस, गाते, गाईन, गाशील, गावें, गात असे, गाता तर, अशीं रूपें लहान मूलहि न चुकतां बोलतें, आणि ज्या घरांतील वडील मंडळींनीं शाळेंत 'गच्छामि, गच्छसि, गच्छति' घोकलें, त्या घराला पन्नास रूपांचें भय वाटण्याचें कारण नाहीं. अडचण एवढीच, कीं महाराष्ट्रांत स्पॅनिशचीं पुस्तकें बहुधा इंग्रजीच्या द्वारें येतात. आणि म्हणून इंग्रजी माणसाला जें अवघड तें अवघड, व त्याला जें सोपें तें सोपें, असें गृहीत धरूनच मराठी विद्यार्थ्यालाहि शिकविलें जातें. परिणाम असा होतो कीं, जेथें मराठी त्याला हात द्यावयास उभी असते तेथें तिची त्याला आठवण होत नाहीं, आणि जेथें ती त्याला फसविणार असते तेथें त्याला कोणी सावध करीत नाहीं.

उदाहरणासाठीं 'कान्तार' म्हणजे 'गाणें' हें क्रियापद सोयीचें आहे. त्यांतील 'त' मराठी 'त'सारखाच दंत्य असून स्वर स्वच्छ उच्चारावयाचे असतात. स्पॅनिशमध्यें शब्दांतील कोणत्या अक्षरावर जोर पडतो यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. म्हणून पुढील रूपांत जेथें जोर अगदीं शेवटच्या अक्षरावर आहे तेथें अवग्रहाची (ऽ) खूण केली आहे. ती नसेल तेथें जोर सामान्यतः त्याच्या आधींच्या अक्षरावर समजावा. कोशांत सांपडणाऱ्या मूळ रूपांत तो नेहमींच शेवटीं असतो, सबब तेथें खूण केलेली नाहीं.

'कान्तार'मधला शेवटचा 'आर' काढला कीं 'कान्त' हा धातु उरतो. अशा अंत्य भागावरून स्पॅनिश क्रियापदांचे तीन गण पडतात : 'कान्तार'सारखीं 'आर'नें संपणारीं; 'कोमेर' म्हणजे खाणें, यासारखीं 'एर'नें संपणारीं; आणि 'बिबीर' म्हणजे जगणें, यासारखीं 'ईर'नें संपणारीं. ('बिबीर' हा शब्द लिहितात 'व'नें, परंतु स्पॅनिश माणूस 'ब' आणि 'व' यांच्या उच्चारांत भेद करीत नाहीं.) संस्कृतांतील दहा गणांपुढें तीन गण म्हणजे कांहींच नव्हे, आणि त्या तिहींतहि पहिल्याचें राज्य फार मोठें आहे. बहुसंख्य क्रियापदें त्याचींच, आणि नवें जन्माला येणारें क्रियापद तर जवळजवळ नियमानें त्यांतच दाखल होतें. टेलिफोन आला तेव्हां 'तेलेफोनेआर' झालें. एकविसाव्या शतकांत ट्विटर आलें तेव्हां 'तुइतेआर' झालें, आणि २०१४ सालीं तें स्पॅनिश अकादमीच्या कोशांत जाऊन बसलें. मराठी भाषा असा परका शब्द घेते तेव्हां त्याला 'करणें'चा आधार देते. ती 'फोन करणें' म्हणते, 'फोनणें' म्हणत नाहीं. स्पॅनिश भाषा त्याला पहिल्या गणाचा पोशाख चढविते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचीं सारीं रूपें चालूं लागतात. म्हणून एक 'कान्तार' नीट कळलें कीं हजारों क्रियापदें कळल्यासारखीं आहेत, हें पाठ्यपुस्तकांचें आश्वासन अगदींच पोकळ नाहीं.

वर्तमानकाळ असा चालतो : कान्तो, कान्तास, कान्ता, कान्तामोस, कान्ताऽइस, कान्तान. म्हणजे मी गातों, तूं गातोस, तो गातो. आम्ही गातों, तुम्ही गातां, ते गातात. संस्कृत शिकलेल्या कानाला यांत ओळखीचे आवाज ऐकूं येतील. द्वितीय पुरुषाचा 'स' हा 'गच्छसि'मधील 'सि'चा भाऊ. 'मोस' हा 'गच्छामः' यांतील विसर्गाच्या मुळाशीं असलेल्या 'मस्'चा भाऊ. आणि शेवटचा 'न' हा 'गच्छन्ति'मधील 'न्ति'च्या जोडीचा. स्पॅनिशच्या आईला, म्हणजे लॅटिनला, हा प्रत्यय अधिक पूर्ण ठाऊक होता. ती 'कान्तान्त' म्हणे. हें सादृश्य योगायोगाचें नव्हे. संस्कृत आणि लॅटिन या एकाच कुळांतल्या असल्यामुळें हे प्रत्यय दोघींकडे वारशानें आलेले आहेत.

प्रत्यय कर्त्याची ओळख इतकी स्पष्ट करून देतो कीं, सर्वनाम उच्चारण्याची गरज राहत नाहीं. 'कान्तो' म्हटलें कीं वाक्य पुरें झालें. मराठींतहि 'येतों', 'जेवलास?' हीं वाक्यें अशींच पुरीं असतात. फरक आहे तो लिंगाचा. मराठी पुरुष 'गातों' म्हणतो आणि स्त्री 'गातें' म्हणते. स्पॅनिश क्रियापदाला मात्र लिंग ठाऊक नाहीं. 'कान्ता' एवढें ऐकून गवई गातो कीं गायिका गाते, हें सांगतां यावयाचें नाहीं. शिवाय मराठी भूतकाळांत क्रियापद कर्माच्या मागें धांवतें : त्यानें अभंग गाइला, लावणी गाइली, गाणें गाइलें. स्पॅनिश क्रियापद कांहीं झालें तरी कर्त्याला सोडीत नाहीं. या एका बाबतींत तरी मराठी माणसाला स्पॅनिश ही स्वतःच्या भाषेहून सोपी वाटली पाहिजे.

आतां जोराची गोष्ट. 'कान्तो' म्हणजे मी गातों. तोच शब्द शेवटच्या स्वरावर जोर देऊन 'कान्तोऽ' असा म्हटला, कीं त्याचा अर्थ 'तो गाइला' असा होतो. पुरुषहि बदलला आणि काळहि बदलला. 'कान्तेऽ' म्हणजे मीं गाइलें. 'कान्ते' म्हणजे त्यानें गावें. 'कान्ताराऽ' म्हणजे तो गाईल. 'कान्तारा' म्हणजे तो गाता तर. लिहितांना हा भेद स्वरावरच्या एका लहानशा तिरप्या रेघेनें दाखवितात, आणि नवशिका विद्यार्थी ती रेघ शाईचा शिंतोडा समजून सोडून देतो. इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला जोराची संवय असते, त्यामुळें इंग्रजी पुस्तकें या विषयाची एका परिच्छेदांत बोळवण करतात. मराठींत ऱ्हस्वदीर्घानें अर्थ बदलतो, 'दिन' आणि 'दीन' हे दोन शब्द होतात; पण जोरानें अर्थ बदलत नाहीं, आणि म्हणून मराठी कान येथें आळशी राहतो. वस्तुतः मराठी विद्यार्थ्यानें पहिला महिना यावरच खर्चावा. कारण जोर चुकला तर ऐकणाऱ्याला वाक्य अशुद्ध वाटत नाहीं. तें त्याला निराळ्या अर्थाचें शुद्ध वाक्य वाटतें, आणि त्यामुळें चूक कोणी सुधारीतहि नाहीं.

लिहिण्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ओघानें सांगण्यासारखी आहे. 'बुस्कार' म्हणजे शोधणें आणि 'येगार' म्हणजे पोंचणें, या क्रियापदांचीं कांहीं रूपें लिहितांना अक्षरें बदलावीं लागतात, कारण रोमन लिपींत 'क' आणि 'ग' हे आवाज पुढच्या स्वराप्रमाणें निरनिराळे लिहिले जातात. विद्यार्थी घाबरून त्यांना अनियमित क्रियापदांत ढकलतात. तीं डोळ्याला अनियमित आणि कानाला पूर्ण नियमित आहेत, आणि भाषा ही प्रथम कानाची आहे.

भूतकाळाकडे वळतांच मराठी मदतीला येते. स्पॅनिशमध्यें साधे भूतकाळ दोन आहेत. एक, घडून संपलेल्या गोष्टीचा : कान्तेऽ, कान्तास्ते, कान्तोऽ, कान्तामोस, कान्तास्तेइस, कान्तारोन. यांतलें 'कान्तामोस' वर्तमानकाळाच्या रूपाशीं तंतोतंत जुळतें. तें प्रसंगावरून ओळखावयाचें. दुसरा, चालू असलेल्या किंवा संवयीच्या गोष्टीचा : कान्ताबा, कान्ताबास, कान्ताबा; कान्ताबामोस, कान्ताबाइस, कान्ताबान. यांत जोर सर्वत्र 'ता'वर राहतो. इंग्रजी भाषा पुष्कळदां एकाच रूपानें हे दोन्ही अर्थ भागविते, आणि म्हणून इंग्रजी पुस्तकांत या दोन काळांच्या भेदावर पानेंच्या पानें खर्ची पडतात. मराठी माणसाला तो भेद उपजत आहे. 'तो दारांत आला तेव्हां मारिया गात होती'; 'लहानपणीं ती रोज गात असे'; 'काल ती गाइली'. पहिल्या दोन वाक्यांत 'कान्ताबा', तिसऱ्यांत 'कान्तोऽ'. मराठी व्याकरणांतील अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ एकत्र केले कीं 'कान्ताबा' तयार होतें. याहून अधिक स्पष्टीकरणाची जरूर नाहीं. गोष्ट सांगणाऱ्याला दोन्ही लागतात. 'कान्तोऽ'नें गोष्ट पुढें सरकते. 'कान्ताबा'नें तिच्या मागचा देखावा रंगविला जातो.

यांखेरीज 'गाइलें आहे' या धर्तीचें संयुक्त रूप आहे : 'ए कान्तादो'. आज सकाळींच गाणें म्हटलेला माद्रिदचा माणूस तें सांगतांना 'ए कान्तादो' म्हणेल. मेक्सिकोचा माणूस त्याच प्रसंगीं बहुधा नुसतें 'कान्तेऽ' म्हणेल. दोघांनाहि एकमेकांचें कळतें.

भविष्यकाळाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. कान्तारेऽ, कान्ताराऽस, कान्ताराऽ. कान्तारेमोस, कान्तारेऽइस, कान्ताराऽन. येथें 'आर' काढून टाकलेला नाहीं. संबंध 'कान्तार'लाच शेपूट लागलें आहे, आणि तें शेपूट म्हणजे मुळांत प्रत्यय नव्हेच. 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाचीं वर्तमानकाळचीं रूपें ए, आस, आ, एमोस, आबेऽइस, आन अशीं आहेत. तींच 'कान्तार'ला येऊन चिकटलीं आहेत. लॅटिन बोलणाऱ्या सामान्य जनांनीं त्या भाषेचा जुना भविष्यकाळ टाकून देऊन 'मला गावयाचें आहे' अशा घडणीची रचना सुरू केली, आणि बोलतां बोलतां तिचे दोन शब्द एकजीव झाले. 'मला उद्यां गावयाचें आहे' असें म्हणणाऱ्या मराठी माणसाला यांत नवल वाटूं नये. आन्तोनिओ दे नेब्रिखा यानें १४९२ सालीं कास्तीलच्या भाषेचें, म्हणजेच स्पॅनिशचें, पहिलें व्याकरण छापून राणी इसाबेलला अर्पण केलें. त्यालाहि हा सांधा स्पष्ट दिसला होता. जुन्या स्पॅनिशमध्यें तर या दोन तुकड्यांच्या मध्यें सर्वनाम घालतां येत असे. शेजारच्या पोर्तुगीज भाषेंत ग्रांथिक लिखाणांत तें आजहि घालतां येतें.

याच 'कान्तार'ला 'आबेर'चें भूतकाळचें रूप चिकटलें कीं कान्तारीआ, कान्तारीआस, कान्तारीआ, कान्तारीआमोस, कान्तारीआइस, कान्तारीआन ही मालिका होते. जोर 'री'वर. हिचा एक उपयोग संकेताचा. तो पुढें येईल. दुसरा उपयोग असा, कीं येथें मराठी माणूस हमखास फसतो. 'मी गाईन असें तो म्हणाला' असें मराठी माणूस म्हणतो. म्हणजे बोलणाऱ्याचे मूळ शब्द तो जसेच्या तसे पुढें ठेवतो. स्पॅनिश माणूस तसें करीत नाहीं. तो म्हणतो 'दिखो के कान्तारीआ' : पुरुष तर बदललाच, पण काळहि बोलण्याच्या त्या जुन्या क्षणापासून मोजला. कालच्या दिवसांत उभें राहून पाहिलेला हा उद्यांचा दिवस आहे.

या रूपाला बहुतेक व्याकरणें नुसतें 'सांकेतिक' म्हणून मोकळीं होतात. त्याला 'भूतकाळानंतरचा काळ' अशा अर्थाचें नांव देणारा माणूस म्हणजे आन्द्रेस बेल्यो. १७८१ सालीं कराकस येथें जन्मलेला हा पंडित पुढें चिली देशांत स्थायिक झाला, तेथील विद्यापीठाचा पहिला प्रमुख झाला, आणि १८४७ सालीं त्यानें अमेरिकेंतील लोकांच्या उपयोगासाठीं म्हणून मुद्दाम स्पॅनिशचें व्याकरण प्रसिद्ध केलें. स्पेनच्या वसाहती तेव्हां नुकत्याच स्वतंत्र झाल्या होत्या. साम्राज्य मोडल्यावर लॅटिनची जी गत झाली तीच स्पॅनिशची होईल, देशोदेशीं निरनिराळ्या बोल्या होऊन एकाला दुसऱ्याचें कळेनासें होईल, असें भय बेल्योला वाटत होतें. लॅटिनच्या व्याकरणांतून उसनीं घेतलेलीं नांवें टाकून, प्रत्येक काळाचें दुसऱ्या काळाशीं नातें सांगणारीं नांवें त्यानें नव्यानें बसविलीं. 'कान्ताबा'ला तो 'भूतकाळाचा सहकाल' म्हणतो. एक घटना घडली तेव्हां दुसरी तिच्या सोबत चालू होती, एवढें सारें त्या नांवांत आलें. त्याचें भय खरें ठरलें नाहीं. आज सुमारे पन्नास कोटी माणसांची ती मातृभाषा आहे, आणि लिमाच्या माणसानें 'कान्तारीआ' म्हटलेलें सेव्हिलच्या माणसाला बिनचूक कळतें.

येथपर्यंत काळांचा विचार झाला. मराठी व्याकरण काळाच्या जोडीला 'अर्थ' मानतें, आणि स्पॅनिश क्रियापदाचें खरें मर्म तेथें आहे. काळ सांगतो ती गोष्ट केव्हांची. अर्थ सांगतो, बोलणारा ती गोष्ट कोणत्या नात्यानें पुढें ठेवतो. 'घडतें', 'घडलें' असें जबाबदारीनें सांगणारीं रूपें आतांपर्यंत आलीं. मराठींत यांना स्वार्थ म्हणतात. याच्या उलट बाजूला स्पॅनिशमध्यें एक संबंध शाखा उभी आहे. इंग्रजी पुस्तकें तिला सब्जंक्टिव्ह म्हणतात. मराठींत तिला एकच नांव देतां येत नाहीं, कारण तिचें काम मराठींत विध्यर्थ, संकेतार्थ आणि प्रसंगीं भविष्यकाळ यांनीं आपसांत वांटून घेतलें आहे.

तिची वर्तमानकाळचीं रूपें बनविण्याची युक्ति अगदीं साधी आहे. 'कान्ता'मधला 'आ' काढून 'ए' घालावयाचा : कान्ते, कान्तेस, कान्ते, कान्तेमोस, कान्तेऽइस, कान्तेन. दुसऱ्या-तिसऱ्या गणांत याच्या उलट 'ए'च्या जागीं 'आ' येतो. 'बिबे' म्हणजे तो जगतो; 'बिबा' म्हणजे तो जगो. जगांतील अनेक मिरवणुकींत ऐकूं येणारा जयघोष तो हाच. पोर्तुगीजमध्येंहि तें रूप तेंच आहे, उच्चार मात्र 'व्हीवा'. आणि गोव्यांत २४ जूनला सांजांवच्या सणांत विहिरींत उड्या घेणारे तरुण 'व्हिवा सांजांव' म्हणून ओरडतात तेव्हां त्यांच्या मुखीं हेंच क्रियापद असतें. एका स्वराच्या बदलानें 'आहे' त्याचें 'असो' झालें.

'से के कान्ता' : तो गातो हें मला ठाऊक आहे. 'किएरो के कान्ते' : त्यानें गावें अशी माझी इच्छा आहे. इंग्रजी माणूस दुसऱ्या वाक्यांत चांचपडतो, कारण त्याच्या भाषेंत तेथें क्रियापदाचें मूळ रूप वापरून काम भागतें. मराठींत 'गातो' आणि 'गावें' यांच्यांतला भेद तोच 'कान्ता' आणि 'कान्ते' यांच्यांतला आहे. 'तो गातो असें मला वाटतें' यांत 'कान्ता'. 'तो गातो असें मला वाटत नाहीं' यांत 'कान्ते', कारण नकार आल्याबरोबर बोलणाऱ्यानें ती गोष्ट खरी म्हणून सांगण्याची जबाबदारी टाकली. 'ओखालाऽ कान्ते' म्हणजे 'देव करो आणि तो गावो'. हा 'ओखालाऽ' शब्द, स्पेनवर शतकानुशतकें अरबांचें राज्य होतें त्या काळचा, आणि 'अल्लाची इच्छा असेल तर' हा त्याचा मूळ अर्थ.

भविष्यांतील गोष्ट हा आणखी एक प्रकार. 'तो गातो तेव्हां सगळे गप्प बसतात' हें रोजचें वाक्य, त्यांत 'कान्ता'. 'तो गाईल तेव्हां सगळे गप्प बसतील' यांत 'कान्ते', कारण तें गाणें अजून घडलेलें नाहीं. तसेंच शोधाचें. 'एक गवई आहे, तो मी शोधतों आहें' अशा अर्थीं गाणाऱ्याला 'कान्ता'. पण 'गाईल असा कोणी तरी शोधतों आहें' या अर्थीं 'कान्ते', कारण असा माणूस जगांत आहे कीं नाहीं याचा पत्ता नाहीं. मराठींतलें 'गाईल असा' हें योजणें किती नेमकें आहे, हें येथें ध्यानांत येतें.

सब्जंक्टिव्ह म्हणजे संशयाचा अर्थ, असा एक सुटसुटीत नियम पुस्तकांतून सांगितलेला असतो. तो अपुरा आहे. 'तो गातो याचा मला आनंद वाटतो' या वाक्यांत संशय कसलाहि नाहीं. तो गातो हें उघड सत्य आहे. तरीहि स्पॅनिश माणूस येथें 'कान्ते'च म्हणतो. इंग्रजीच्या वाटेनें आलेला विद्यार्थी येथें हताश होतो आणि हा अपवाद म्हणून पाठ करतो. मराठी विद्यार्थ्यानें क्षणभर स्वतःच्या बोलण्याकडे कान द्यावा. 'ऐन लग्नाच्या दिवशीं त्यानें आजारी पडावें, काय हें दुर्दैव!' 'शिकल्यासवरल्या माणसानें असें बोलावें, याचें आश्चर्य वाटतें.' तो आजारी पडलाच आहे. तो माणूस तसें बोललाच आहे. मग 'पडावें', 'बोलावें' कां? कारण वाक्याचा हेतु बातमी देण्याचा नाहीं. बातमी दोघांनाहि ठाऊक आहे. तिच्यावरची भावना तेवढी सांगावयाची आहे. स्पॅनिशचा नियम नेमका हाच होय. गोष्ट खरी कीं खोटी हा प्रश्न गौण. ती येथें सांगितली जात आहे, कीं केवळ धरून तिच्यावर इच्छा, शंका, आनंद, खेद यांचा रंग चढविला जात आहे, एवढेंच पाहावयाचें. ज्याला मराठींतलें 'पडावें' कळलें त्याला 'कान्ते' कळलें.

भूतकाळी सब्जंक्टिव्हचे दोन सांचे आहेत : कान्तारा आणि कान्तासे. अर्थानें दोन्ही एकच; अमेरिकेंत पहिल्याचा भर अधिक. पैकीं 'कान्तारा' हें रूप मूळचें या शाखेंतलें नव्हेच. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ 'गाइलें होतें' असा साधा पूर्णभूताचा होता. पोर्तुगीजच्या ग्रांथिक भाषेंत तो अजून तसाच आहे. स्पॅनिशमध्यें मात्र तें रूप घडलेल्या गोष्टींच्या घरांतून न घडलेल्या गोष्टींच्या घरीं राहावयास गेलें. स्पॅनिश वर्तमानपत्रांत कधीं कधीं तें जुन्या अर्थानें डोकावतें, आणि व्याकरणाचे शिक्षक नाक मुरडतात.

त्याचें मुख्य काम संकेताचें. 'सि कान्तारा, गानारीआ' : तो गाता, तर जिंकता. मराठी येथें अर्धी मदत करते आणि अर्धी फसविते. न घडलेल्या गोष्टीला निराळें रूप हवें हें ती शिकविते. पण ती दोन्ही पारड्यांत एकच रूप घालते, 'गाता' आणि 'जिंकता'. स्पॅनिशमध्यें अटीच्या बाजूला 'कान्तारा' आणि फळाच्या बाजूला 'गानारीआ' असे दोन निराळे सांचे लागतात. दोन्हीकडे '-रीआ' घालणें ही उत्तर स्पेनच्या कांहीं भागांतल्या लोकांचीहि चूक आहे, त्यामुळें मराठी विद्यार्थ्यानें फार खजील होऊं नये. आणि खरोखरच शक्य असलेली अट, 'गाईल तर जिंकेल', ही मात्र साध्या 'सि कान्ता'नें सांगावयाची; तेथें 'कान्ते' चालत नाहीं आणि भविष्यकाळहि चालत नाहीं.

या शाखेला एक भविष्यकाळहि आहे : कान्तारे, कान्तारेस, कान्तारे. बोलण्यांतून तो केव्हांच नाहींसा झाला. कायद्याच्या कलमांत आणि म्हणींत तेवढा उरला. 'देश तसा वेश' या अर्थाच्या एका स्पॅनिश म्हणींत दोन क्रियापदें याच काळांत आहेत, आणि ज्यांनीं तो काळ शाळेंत कधीं चालवून पाहिला नाहीं तेहि ती म्हण बिनदिक्कत वापरतात. पोर्तुगीजमध्यें हा काळ आजहि रोजच्या बोलण्यांत आहे. दोन्ही भाषा शिकणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें.

राहिला आज्ञार्थ. एकट्याला 'कान्ता', अनेकांना 'कान्ताऽद'. पण 'गाऊं नकोस' म्हणतांना 'नो कान्तेस'. म्हणजे निषेध आला कीं आज्ञार्थ बाजूला होतो आणि सब्जंक्टिव्ह पुढें येतो. मराठींतहि 'गा' याचा निषेध 'न गा' असा होत नाहीं. 'गाऊं नको' अशी निराळी रचना करावी लागते. आदरानें सांगावयाचें तर 'कान्ते उस्तेऽद'. हा 'उस्तेऽद' शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या दोन शब्दांचा झिजून झालेला आहे, आणि म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषीं असतें. 'रावसाहेब केव्हां आले?' असें खुद्द रावसाहेबांनाच विचारणाऱ्या मराठी रीतीचाच हा प्रकार. अनेकांना उद्देशून बोलतांना स्पेनमध्यें 'कान्ताऽइस' आणि 'कान्ताऽद' हीं रूपें चालतात. अमेरिकेंत मात्र सर्वांनाच आदरार्थी, 'कान्तान' आणि 'कान्तेन'.

आर्जेन्टिनांत आणि इतर कांहीं देशांत 'तूं' या सर्वनामाच्या जागीं 'बोस' हें जुनें सर्वनाम टिकून राहिलें आहे. बेल्योला तें अशिष्ट वाटे आणि तें टाळावें असें त्यानें आपल्या व्याकरणांत स्पष्ट बजाविलें. ब्वेनोस आयरेसच्या लोकांनीं त्याचें ऐकलें नाहीं. तेथें सुशिक्षित माणूसहि मित्राला 'कान्तास' न म्हणतां 'कान्ताऽस' म्हणतो, आणि गाण्याचा आग्रह करावयाचा तर 'कान्ता' न म्हणतां 'कान्ताऽ' म्हणतो. अक्षरें तींच, जोर तेवढा पुढच्या अक्षरावर सरकलेला.